कर्करुग्णाला आधार : उपचाराचा आणि उपजीविकेचा

(तालुक्यातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईतील परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले आणि १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे. या रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर वळकट्या, पाण्याचे डबे आणि तपासण्यांच्या फायली सांभाळत बसलेली कुटुंबे अनेकांनी पाहिली असतील. त्यांतील पुष्कळांचा उपचार विनामूल्य किंवा नाममात्र खर्चात होत असतो. तरीही काही कुटुंबे उपचार अर्धवट टाकून गावी परततात. औषध फुकट मिळत असताना रुग्ण परत का जातो, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

२०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात कर्करोगाचे चौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि नऊ लाखांहून अधिक रुग्ण मृत्यू पावले. हा रोग केवळ शहरांचा आहे, अशी एक समजूत पूर्वी होती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण भागासाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली आणि खेड्यातील कर्करोगाचे स्वरूप आकड्यांच्या रूपाने समोर येऊ लागले. आज असा तालुका सापडणे कठीण की ज्याच्या गावांत कर्करुग्ण नाही.

दोन खर्च, दोन हिशेब

बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणारे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जातात. या जोडीलाच व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात, कारण दोघांनी मिळून केलेल्या कामावर मजुरी ठरते. नवऱ्याच्या तोंडात जखम होते, ती महिना-दोन महिने भरत नाही आणि तपासणीअंती ती तंबाखूमुळे झालेली कर्करोगाची गाठ असल्याचे निष्पन्न होते. त्या दिवशी हा कोयता मोडतो. एक माणूस आजारी पडला आणि मजुरी मात्र दोघांची बंद झाली, कारण बायकोला रुग्णाबरोबर जावे लागते. घेतलेली उचल फिटायची असते. घरी म्हातारी आई आणि शाळेत जाणारी दोन मुले असतात.

पुढे शस्त्रक्रिया होते. त्यानंतर बहुधा किरणोपचार सुचविले जातात. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालतात. एक बैठक काही मिनिटांची असली, तरी त्यासाठी दीड महिना शहरात राहावे लागते. रसायनोपचाराचे डोस साधारणतः तीन तीन आठवड्यांच्या अंतराने दिले जातात आणि ते चार-सहा महिने चालू शकतात. रुग्णालयातील खाट, शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणे यांचा एक हिशेब होतो. प्रवास, मुक्काम, जेवण, बुडालेली मजुरी, फिटायची उचल आणि मुलांची शाळा यांचा दुसरा. शासकीय योजनांनी पहिल्या हिशेबाचा मोठा भाग उचललेला आहे. कुटुंब मोडते ते प्रायः दुसऱ्या हिशेबाने.

या दुसऱ्या हिशेबासाठीही काही तरतुदी आहेत. परंतु त्या निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेल्या आहेत, आणि रुग्णालयाच्या खिडकीवर त्यांची माहिती मिळेलच असे नाही. ती गावात मिळाली पाहिजे. ती देण्याची पात्रता गावातील शिक्षक, पंचायत सदस्य आणि कर्मचारी यांच्याइतकी दुसऱ्या कोणाकडे नाही.

उपचाराचा खर्च

प्रथम पहिल्या हिशेबाचा विचार करू. जुलै २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व जिल्ह्यांत लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात या दोन्ही योजना एकत्रितपणे राबविल्या जाऊ लागल्या. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखाची मर्यादा वाढवून प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपये करण्यात आली आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांनाही योजनेत घेण्यात आले. ही विस्तारित योजना १ जुलै २०२४ पासून अमलात आली.

कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, रसायनोपचार आणि किरणोपचार या तिन्हींचा योजनेत समावेश आहे. तथापि लाभ घेताना तीन गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट, योजना रोखरहित आहे. अंगीकृत रुग्णालयात पूर्वपरवानगी घेऊन उपचार व्हावे लागतात. खाजगी दवाखान्यात आधी पैसे भरून मागाहून पावत्या सादर केल्या, तर ते पैसे या योजनेतून परत मिळत नाहीत. दुसरी गोष्ट, एखादे रुग्णालय योजनेत असले तरी तेथे प्रत्येक प्रकारचा उपचार असतोच असे नाही. शस्त्रक्रिया एका ठिकाणी आणि किरणोपचार दुसऱ्या ठिकाणी, असे होऊ शकते. हे आरंभीच विचारून घेतल्यास अर्ध्यावर धावपळ होत नाही. तिसरी गोष्ट, पाच लाखांची मर्यादा साऱ्या कुटुंबाची मिळून आहे.

अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. रुग्णाने शिधापत्रिका आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन प्रथम त्याच्याकडे जावे. येथे एक साधी अडचण वारंवार उद्भवते. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत फरक असतो, किंवा लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव शिधापत्रिकेवर चढलेलेच नसते. गावात दोन दिवसांत दुरुस्त होणारी ही चूक परगावी दोन आठवडे खाते. सत्तर वर्षांवरील नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान पत्र मिळू लागले आहे. वृद्ध रुग्णांच्या बाबतीत ते आधीच काढून ठेवावे.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी आणखी काही मार्ग आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. शहरातील मोठमोठ्या, चकचकीत इमारतींच्या रुग्णालयांपैकी कितीतरी धर्मादाय न्यासांची आहेत, ही गोष्ट ग्रामीण रुग्णाला ठाऊक नसते. उत्पन्नाचा दाखला दाखवून या खाटेची मागणी करणे हा त्याचा हक्क आहे. ती नाकारली गेल्यास जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे दाद मागता येते.

याशिवाय मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी यांमधूनही कर्करोगाच्या उपचाराला अंशतः मदत दिली जाते. मुख्यमंत्री निधीच्या अर्जासाठी आता मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, कारण २०२५ मध्ये जिल्हा पातळीवरही त्याचे कक्ष उघडण्यात आले. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांकरिता केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य निधीत २००९ पासून कर्करुग्णांसाठी स्वतंत्र निधी ठेवण्यात आलेला आहे. अशा निधीसाठी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला हे दोन कागद मुख्य असतात. अंदाजपत्रक उपचारापूर्वी घ्यावयाचे असते, हे विसरता कामा नये.

घर चालविण्यासाठी

आता दुसऱ्या हिशेबाकडे वळू. १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना गावोगावी परिचित आहे. ती विधवा, परित्यक्ता आणि दिव्यांग यांच्यासाठी आहे, एवढेच बहुतेकांना माहीत असते. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी ६५ वर्षांखालील स्त्री किंवा पुरुषही या योजनेस पात्र ठरतो, हे मात्र पुष्कळदा अर्ज लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. जुलै २०२३ पासून या योजनेतील मासिक अनुदान १,५०० रुपये करण्यात आले. त्या वेळी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारण अर्जदारासाठी २१,००० रुपये आणि दिव्यांग अर्जदारासाठी ५०,००० रुपये होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला.

या आकड्यांत एक मर्म आहे. एकाच रुग्णाने ‘दुर्धर आजाराने पीडित’ म्हणून अर्ज केला तर त्याला लागणारी उत्पन्नाची मर्यादा आणि मिळणारी रक्कम एक असते. तोच रुग्ण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळण्यास पात्र असेल, तर मर्यादा आणि रक्कम दोन्ही त्याला अधिक अनुकूल ठरतात. यास्तव, कर्करुग्ण कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग केव्हा ठरतो, हे नीट समजून घेतले पाहिजे.

रोग आणि दिव्यांगत्व

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मानले होते. नव्या कायद्याने ही संख्या एकवीस केली. या एकवीस प्रकारांत कर्करोगाचे नाव नाही. रक्ताच्या विकारांपैकी हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे तीन विकार यादीत आहेत. रक्ताचा कर्करोग नाही. तेव्हा ‘मला कर्करोग आहे, म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र द्या’ ही मागणी मान्य होऊ शकत नाही, आणि त्याबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पण रोगामुळे किंवा उपचारामुळे शरीराची जी कायमची हानी होते, ती यादीत असू शकते. स्वरयंत्राच्या कर्करोगात कधी कधी संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकावे लागते. कायद्याच्या अनुसूचीत वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना स्वरयंत्र काढल्याने येणाऱ्या कायम दिव्यांगत्वाचा नावानिशी उल्लेख केलेला आहे. हाडाच्या कर्करोगामुळे एखाद्या मुलाचा पाय मांडीपासून कापावा लागला, तर ते अस्थिविषयक दिव्यांगत्व होय. मणक्यात पसरलेल्या गाठीमुळे दोन्ही पायांतील शक्ती गेली, तर त्याचेही मूल्यमापन होते. जिभेचा मोठा भाग काढावा लागून बोलणे अस्पष्ट झाले, तर वाचेची तपासणी करून घेण्यास प्रत्यवाय नाही. ऊसतोड कुटुंबातील त्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच संभवते आणि नेमके हेच कोणी त्याला सांगत नाही.

कायद्याने बहुतेक लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची किमान पातळी ठरविली आहे. मूल्यमापन कसे करावे याच्या सूचना केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध केल्या आणि २०२४ मध्ये त्या सुधारल्या. त्यांची टक्केवारी कधी कधी कठोर वाटते. डोळ्याच्या कर्करोगात बालकाचा एक डोळा काढावा लागला आणि दुसरा चांगला असला, तर ते बालक ४० टक्क्यांच्या पातळीपर्यंत पोहोचत नाही. पोटावर मलमार्ग काढून दिलेल्या रुग्णाची अवस्था यादीतील कोणत्याच प्रकारात सरळ बसत नाही. ही उणीव खरी आहे. अशा रुग्णांसाठी आजाराच्या दारानेच जावे लागते, आणि म्हणून ती दोन्ही दारे ओळखता आली पाहिजेत.

जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र केंद्राच्या संगणकीय प्रणालीतूनच दिले जाते. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो आणि तपासणी नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात होते. तपासणीला जाताना शस्त्रक्रियेचा तपशील असलेले रुग्णालयाचे मुक्तिपत्र, म्हणजे घरी सोडताना दिलेला कागद, अवश्य न्यावा. उपचार चालू असताना प्रकृतीत फेरबदल होण्यासारखा असेल तर प्रमाणपत्र ठराविक मुदतीचे मिळते, आणि मुदत संपण्यापूर्वी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र नाकारल्यास त्याची कारणे लेखी मिळाली पाहिजेत आणि त्याविरुद्ध अपील करण्याची तरतूद कायद्यातच आहे. खोटे प्रमाणपत्र मिळवून लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘टक्केवारी वाढवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासून रुग्णाला दूर ठेवणे, हेही गावकऱ्यांचे काम आहे.

नोकरी आणि रोजगार

एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाचे स्वरयंत्र शस्त्रक्रियेने काढावे लागले, असे समजा. त्याला वर्गात शिकविता येत नाही. सहकारी सहानुभूती दाखवितात, पण हळूहळू ‘आता स्वेच्छानिवृत्ती घ्यावी’ असा सूर निघू लागतो. घरच्यांनाही तोच मार्ग सभ्यपणाचा वाटतो. अशा वेळी कायद्याचे कलम २० वाचले पाहिजे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने सेवेतून कमी करावयाचे नाही, किंवा त्याची पदावनतीही करावयाची नाही. मूळ पदाचे काम त्याला जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर त्याला नेमावयाचे आहे. तसे पद उपलब्ध नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, त्याला अधिसंख्य पदावर ठेवावयाचे आहे. शासकीय आस्थापना या शब्दात स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. घाईने सही केलेला राजीनामा मागे घेणे कठीण असते. म्हणून गटशिक्षणाधिकारी आणि मुख्याध्यापक यांनी तो स्वीकारण्यापूर्वी या कलमाची जाणीव करून देणे हे त्यांच्या पदाला साजेसे होय.

कारखान्यातील विमाधारक कामगारासाठी राज्य कामगार विम्याची तरतूद आहे. २०१७ मध्ये या विम्यासाठी वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. आजारपणात कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने रोख लाभ मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ मुदतीच्या आजारात ही मुदत वाढते आणि अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला ८० टक्के दराने एकूण दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमायोग्य नोकरी आणि ठरलेल्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी असावी लागते. आजार झाला म्हणून नोकरी सोडून गावी येणारा कामगार हा हक्क अजाणतेपणी गमावतो. नोकरी सोडण्यापूर्वी विमा दवाखान्याचे प्रमाणपत्र घेतले की नाही, हा प्रश्न त्याला गावातल्या जाणत्या माणसाने विचारला पाहिजे. भविष्य निर्वाह निधीचा सभासद असलेल्या कामगाराला उपचारासाठी त्या निधीतूनही रक्कम काढता येते. बांधकाम मजुराची नोंदणी कल्याणकारी मंडळाकडे असेल, तर गंभीर आजारासाठी मंडळाचे साहाय्य मिळते. मात्र नोंदणी जिवंत असावी लागते, आणि तिचे नूतनीकरण निरोगी असतानाच झालेले बरे.

मुले आणि प्रवास

कर्करोगाच्या घरातील मूल शाळेत येईनासे होते, तेव्हा ते आजाऱ्याच्या उशाशी तरी बसलेले असते किंवा मजुरीला तरी गेलेले असते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दुर्धर आजाराने ग्रासलेल्या पालकांच्या मुलांनाही स्थान आहे. २०२३ मध्ये या योजनेचे साहाय्य प्रति बालक दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. प्रस्ताव जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि बालकल्याण समिती त्यावर आदेश देते. हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणांमागचे कारण शोधणारा शिक्षक या योजनेचा पहिला दूत ठरतो. दुर्दैवाने कुटुंबातील कमावती व्यक्ती दगावलीच, तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळण्याची तरतूद आहे. त्याचा अर्जही तहसील कार्यालयातच करावयाचा असतो.

प्रवासाच्या सवलती त्या मानाने सोप्या आहेत. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान आणि तीन-स्तरीय वातानुकूलित वर्गात पूर्ण भाडे माफ असते आणि बरोबरच्या एका व्यक्तीला त्या वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. दुसऱ्या वर्गात दोघांनाही ७५ टक्के सवलत आहे. ठरलेल्या नमुन्यातील रुग्णालयाचे प्रमाणपत्र त्यासाठी पुरते. राज्य परिवहनाच्या सवलतींच्या यादीतही कर्करुग्णाचा समावेश आहे. मुक्कामासाठी धर्मशाळांची सोय असते. मुंबईत दादर येथे संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी केल्यास पदपथावर रात्र काढण्याची वेळ टळू शकते.

ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. अनेक गावांत ही रक्कम वर्षअखेरीस सर्व दिव्यांगांत सारखी वाटून टाकली जाते. नव्याने दिव्यांगत्व आलेला कर्करुग्ण त्या यादीत नसतो, कारण यादी जुनी असते. मासिक सभेत वर्षातून दोनदा ही यादी तपासली, तर कृत्रिम पाय बसविण्यासाठी शहरात जाण्याचे भाडे किंवा रुग्णाच्या घरी सोयीचे शौचालय अशी खरी गरज या निधीतून भागविता येईल.

याहूनही मोठी गोष्ट पैशाविना होण्यासारखी आहे. निदान झाल्याच्या पहिल्या आठवड्यात पाच कामे उरकली, तर पुढील सहा महिन्यांचा मार्ग पुष्कळ सुकर होतो. शिधापत्रिका आणि आधारपत्र यांतील नावे पडताळून घ्यावीत. तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढावा. रुग्ण आणि त्याचा जोडीदार या दोघांची बँक खाती चालू आहेत की नाहीत ते पाहावे. निराधार अनुदानाचा अर्ज भरून त्याची पोच घ्यावी. सर्व वैद्यकीय कागदांच्या दोन प्रती काढून एक संच गावात ठेवावा. ही कामे रुग्णाने स्वतः करावयाची म्हटली तर त्याला पाच हेलपाटे पडतात. तलाठी, म्हणजे आजचे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि एखादा शिक्षक हे एका सकाळी एकत्र बसले, तर त्यांतील बरीचशी त्या बैठकीतच मार्गी लागतात.

तालुक्यातील अधिकाऱ्यांच्या हातीही थोडे आहे. निराधार अनुदानाचे अर्ज तालुका समितीच्या सभेपुढे जातात. सभा लांबली की अर्ज थांबतो, आणि कर्करोग कोणाची वाट पाहत नाही. अशा अर्जांवर आजाराची नोंद ठळकपणे करून ते प्रथम विचारात घेण्याची पद्धत ठेवली, तर नियम मोडल्याशिवाय विलंब कमी होतो. वार्षिक २१,००० रुपये म्हणजे दरमहा १,७५० रुपये. या मर्यादेत बसणारे कुटुंब आज शोधावे लागते. म्हणून मर्यादेबाहेर ठरलेल्या रुग्णांची तालुकावार नोंद वरिष्ठांकडे जात राहिली, तर तिच्या फेरविचाराला आधार मिळेल. नामंजूर अर्जाच्या फायलीतही अशी उपयुक्त माहिती असते.

शेवटी एक गोष्ट. कर्करोग हा संसर्गाने पसरणारा रोग नव्हे, तरी गावात रुग्णाचे ताट वेगळे केले जाते, मुलीचे लग्न मोडेल म्हणून निदान दडविले जाते. दडविलेल्या रोगाला कोणतीही योजना लागू पडत नाही, कारण प्रत्येक अर्जावर रोगाचे नाव लिहावे लागते. म्हणून ज्या गावात रोगाचे नाव मोकळेपणाने उच्चारता येते, त्याच गावात साहाय्याचे कागद वेळेवर तयार होतात. शिक्षकाने वर्गात, सरपंचाने ग्रामसभेत आणि आशा सेविकेने ओसरीवर हे नाव घेण्याची भीती घालविली पाहिजे.

ऊसतोड करणाऱ्या त्या कुटुंबाकडे पुन्हा एकदा वळू. पुढच्या हंगामात तो पुरुष कदाचित फडात उतरू शकणार नाही. परंतु त्याचे किरणोपचार पुरे झालेले असतील, वाचेच्या तपासणीचा अर्ज दाखल झालेला असेल, अनुदानाची पहिली रक्कम खात्यात जमा झालेली असेल आणि मुलांची नावे हजेरीपटावरून कमी झालेली नसतील, तर ते कुटुंब उभे राहिले असे म्हणता येईल. यांतील एकही गोष्ट नव्या कायद्याची किंवा नव्या योजनेची वाट पाहत थांबलेली नाही. त्या कुटुंबाच्या दारी वेळेवर जाऊन बसणाऱ्या जाणत्या माणसाची मात्र तिला गरज आहे, आणि असा माणूस प्रत्येक गावात आहे.